तुमच्या फरशीकडे वाकड्या डोळ्यानं पाहिलं

तीर्थरूप दाजींच्या चरणी,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (आजवर प्रत्येक पत्रात साष्टांग लिहिलं ते खुर्चीत आरामात बसून लिहिलं. या खेपेला तसं नाही. डॉक्टरीणबाईंच्या हुकमानं मी इतके दिवस पालथा पडून होतो की आठही अंगं झिजली. नमस्कारांचा मोठाच साठा झाला आहे. त्यातले थोडे अक्काला द्या, बाकीचे तुम्ही ठेवा.) तुमच्या गुडघ्यांची ख्यालीखुशाली कळवावी. अक्का फोनवर सांगत होती की गुडघे धरल्यापासून तुम्ही घराबाहेर पडणं सोडलंत, दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघता, आणि काय बघताय विचारलं तर म्हणता, गिलाव्याला पोट आलंय. अक्का रडकुंडीला आली होती. मला मात्र ऐकून बरं वाटलं. ज्याला दुसऱ्याचं काम वाईट दिसतं तो माणूस आतून धडधाकट असतो. मला विचाराल तर ज्या दिवशी तुम्ही त्या गिलाव्याला बरा म्हणाल त्या दिवशी डॉक्टर बोलवावा.

इकडे सगळं क्षेम आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डोळा वाचला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर अक्का पत्र अर्ध्यावर टाकून डोळ्याला पदर लावायची. डोळा वाचला, दाजी! हे वाक्य मी रोज सकाळी उठल्यावर एकदा मोठ्यानं म्हणतो. ही म्हणते, आता पुरे, आळीतल्या पोरांनासुद्धा पाठ झालंय. पण म्हटल्याशिवाय मला चैन पडत नाही. जो डोळा जाणार होता तो गेला नाही, यापेक्षा मोठी बातमी या घरात कित्येक वर्षांत झालेली नाही.

झालं असं. वाचनालयाच्या मोठ्या हॉलचं काम मला मिळालं हे तुम्हाला ठाऊक आहेच. काळ्यापांढऱ्या चौकोनी फरश्या, त्यासुद्धा तिरक्या बसवायच्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मधे एक खांब नाही की ज्याच्या आड चूक लपवावी. असलं काम हल्ली कोणी सांगतच नाही. हल्ली दाराएवढाल्या चकचकीत लाद्या येतात, चार जणांनी उचलायच्या आणि टेकवायच्या; त्यात कसब ते काय, कंबर तेवढी मोडते. म्हणून हॉल बघितला तेव्हाच मी ठरवलं, हे माझं शेवटचं मोठं काम, आणि हे माझ्याच हातून पुरं झालं पाहिजे. (हिला हेच सांगितलं तर म्हणाली, तुमचं शेवटचं मोठं काम हे चौथं. तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.) पहिल्या दोन ओळी बसल्या होत्या. मी पोटावर आडवा होऊन, तुम्ही शिकवलंत तसा डावा डोळा मिटून आणि उजवा अगदी फरशीला लावून ओळ बघत होतो, तर पांढऱ्या फरशीवर काळ्या माशा. हाकलल्या. हलल्या आणि परत बसल्या. मी व्यवस्थापकांना बोलावून चांगलं सुनावलं, की अहो, पुस्तकांच्या जागी इतक्या माशा शोभतात का? त्या भल्या माणसानं दुसऱ्या दिवशी सगळ्या हॉलभर औषध फवारून घेतलं. आम्ही सगळे खोकलो, माशा तेवढ्या राहिल्या, कारण त्या माझ्या डोळ्यात होत्या. मग कोपऱ्याकोपऱ्यात विजा चमकायला लागल्या. त्यांचाही दोष मी वायरमनला दिला. आणि एका सकाळी जेवायला बसलो असताना डाव्या हाताकडून काळोख सरकत आला. मी हिला म्हटलं, तो पडदा कशाला ओढलास, नीट दिसत नाही. ती म्हणाली, त्या खिडकीला आपण पडदा लावलाय कधी? तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आपल्या लेकीहून लहान. मला आधी वाटलं, मोठ्या डॉक्टरांचं काहीतरी सामान आणायला आलेल्या असतील. पण त्यांनी डोळ्यात थेंब टाकले, दिवा मारला, आणि सांगितलं की मिस्त्री, तुमच्या डोळ्याच्या आतला पडदा एका जागी फाटलाय, त्या फटीतून पाणी मागं शिरलंय आणि पडदा भिंतीवरून सुटत चाललाय. मी म्हटलं, म्हणजे फरशी पोकळ वाजायला लागली. बाई म्हणाल्या, हो, तसंच म्हणा. मग सांगायला लागल्या की खालचं पाणी काढायचं, पडदा जागच्या जागी बसवायचा, फाटल्या जागेच्या कडा लेसरनं पक्क्या करायच्या, आणि तो धरेपर्यंत दाबून ठेवायला आत वायूचा फुगा भरायचा. मी म्हटलं, माल सुकेपर्यंत वर वजन. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर. बाई कामातली निघाली, दाजी. माझा जीव निम्मा भांड्यात पडला. मग मी विचारलं, ते सगळं ठीक, पण ओळ सरळ दिसेल ना? माझ्या धंद्यात डोळा असून उपयोग नाही, सरळ दिसणारा डोळा लागतो. तर म्हणाल्या, आधी डोळा वाचवू, मग सरळवाकड्याचं बघू. हे ऐकून मात्र मला हॉल आठवला. हॉलच्या दोनच ओळी झाल्या होत्या आणि उजवा डोळा म्हणजे माझी दोरी, माझा काटकोन धरणारा गुण्या, माझं सगळं काही. लेकीला आणि हिला मी काही बोललो नाही, पण दवाखान्याच्या बाकावर बसून मी त्या दोन ओळींचाच विचार करत होतो.

ऑपरेशनच्या वेळी माणूस जागा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डोळा तेवढा बधिर करतात, तोंड नाही, आणि तिथंच त्यांचं चुकतं. आत काय चाललंय याच्या सावल्या मला दिसत होत्या, त्यामुळे मी सूचना देत राहिलो. कड आधी धरा म्हटलं, मधलं मागाहून. शेवटी बाई शांतपणे म्हणाल्या, मिस्त्री, तुम्ही फरशी बसवताना घरमालक डोक्यावर उभं राहून बोलत राहिला तर तुम्ही काय करता? मी म्हटलं, थापी ठेवून घरी जातो. त्या म्हणाल्या, मग? त्यानंतर मी जे तोंड मिटलं ते पट्टी बांधेपर्यंत. निघताना नर्सताईंनी मनगटाला एक पट्टा बांधला. डोळ्यात वायू भरला आहे, यांना विमानात बसवू नये, उंच डोंगरावर नेऊ नये, असं त्यावर छापलेलं. जन्मात कोणी मला विमानात बसवायला निघालं नाही, पण त्या पट्ट्यामुळे मी एकदम मोठ्या लोकांत गेलो. भेटेल त्याला पट्टा दाखवायचा आणि सांगायचं, जायचं होतं हो, पण डॉक्टर नको म्हणतात.

खरी कसोटी पुढंच होती. फुग्यानं पडदा दाबून धरायचा तर तोंड कायम जमिनीकडे हवं, झोपताना, जेवताना, बोलताना, सारखं. आयुष्यात कोणापुढं मान खाली घातली नाही असं मी चारचौघांत सांगत असे, ते आता बंद. लेक रजा काढून आली आणि तिनं सगळा कारभार हातात घेतला. पलंगाच्या टोकाशी एक स्टूल लावलं, त्याची बैठक काढून टाकली, वर राहिलेल्या कड्याला चादर गुंडाळली आणि त्यात माझं तोंड बसवून दिलं. दाजी, इतकी वर्षं मी घरमालकांना हात जोडून सांगत आलो की नवी फरशी आहे, दोन दिवस पाय ठेवू नका, आणि एकानंही कधी ऐकलं नाही. त्यांना मी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या असतील! पण मी त्यांच्याहून नाठाळ निघालो. कोणी दार वाजवलं की मान वर. भांडं पडलं की मान वर. आणि मान वर झाली रे झाली की ही स्वयंपाकघरातून ओरडायची, माल ओला आहे! लग्नाला इतकी वर्षं झाली, मला वाटत होतं माझ्या धंद्यातलं हिच्या कानावरून गेलं की गेलं. तसं नाही. सगळं साठवून ठेवलेलं होतं आणि योग्य वेळी बाहेर काढलं.

भेटायला येणाऱ्यांची फार पंचाईत व्हायची. मला त्यांच्या चपला दिसायच्या आणि त्यांना माझं डोकं. शेजारचे शिंपी मात्र प्रेमळ माणूस. तोंड बघितल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नाही म्हणाले आणि सरळ जमिनीवर उताणे झाले, डोकं माझ्या स्टुलाखाली. मग आम्ही समोरासमोर छान गप्पा मारल्या. म्हणजे मारायला सुरुवात केली. गारगार फरशी, दुपारची वेळ, वर माझ्या तोंडून ऑपरेशनची हकीकत. शिंपी दहाव्या वाक्याला घोरायला लागले. आता मला ना मान वर करता येई, ना दुसरीकडे बघता येई. सबंध दुपारभर त्यांचं उघडं तोंड माझ्या तोंडाखाली. हाक मारावी तर बिचारे हातातलं काम टाकून आलेले. शेवटी ही चहा घेऊन आली, खाली माणूस निपचित पडलेला बघून किंचाळली, शिंपी दचकून उठले आणि त्यांचं कपाळ स्टुलाच्या दांडीवर आपटलं. सगळे धावले ते माझा डोळा बघायला. डोळ्याला काही झालं नव्हतं. शिंप्यांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं, त्याची चौकशी मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणी केली नाही.

शिंपी गेले की खाली उरायची तुमची फरशी. आमचं लग्न ठरलं तेव्हा पुढच्या खोलीची फरशी तुम्ही एकट्यानं, माझा हातसुद्धा लावू न देता, बसवून दिलीत. राखाडी लादी, कडेनं तांबडी पट्टी. इतकी वर्षं तिच्यावरून चाललो, पण चालणं वेगळं आणि नाक लावून बघणं वेगळं. डाव्या डोळ्यानं मी तिचा सांधान्‌सांधा पाहिला. कुठं केसभर फरक नाही. तुमच्या तोंडावर मी हे कधी बोललो नसतो, पण तोंड जमिनीकडे असलं की माणूस खरं बोलतो: असं काम मला अजून जमलेलं नाही.

पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा दुधी काचेतून बघावं तसं दिसलं. मग हळूहळू फुगा विरायला लागला आणि वरून एक पट्टा स्वच्छ झाला. खाली डुचमळणारी काळसर रेघ, आणि ती रेघ, दाजी, मान कशीही तिरकी करा, कायम आडवी! मी उडालोच. जन्मभर लेव्हल खिशात घेऊन हिंडलो, आता देवानं बुडबुड्यासकट डोळ्यातच बसवून दिली. मग काय विचारता. घरातल्या फळ्या, खिडक्या, फ्रीज, कोणालाही मी सोडलं नाही. शिंप्यांचं दुकान पूर्वेकडे कललंय असं त्यांना सांगून त्यांची झोप उडवली. (त्यांना दुपारची मात्र अजून येते.) डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र डावीकडे उतरतंय हेही मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी मुकाट्यानं उठून ते माझ्या सांगण्याप्रमाणे लावलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा बघतो तर चांगलंच वाकडं दिसत होतं. मी बोललो नाही, कोणीतरी धक्का मारला असेल.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही, ती अक्काला वाचून दाखवा. दृष्टी वरून खाली उघडत गेली, तशी ही मला त्या डोळ्यानं हप्त्याहप्त्यानं दिसली. आधी केस. पांढरे किती झालेत! मग कपाळ. मग एक दिवस डोळे. हे डोळे उजव्या डोळ्यानं परत बघायला मिळतील की नाही, हे दवाखान्याच्या बाकावर कोणाला माहीत होतं? मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. डोळ्यात पाणी आलेलं चालतं का, असं ही घाबरून लेकीला विचारायला लागली. (कपाळ आणि डोळे बघून मी समजत होतो की बाईसाहेब प्रसन्न आहेत. चार दिवसांनी तोंड दिसलं तेव्हा कळलं की तसं काही नाही.)

मग फुगा लहान होत होत वाटाण्याएवढा झाला आणि एका सकाळी नाहीसा झाला. लेव्हल गेली, डोळा मोकळा झाला. ही आणि लेक बाजारात गेल्या होत्या. मी म्हटलं, हॉलवर जाण्याआधी घरात हात साफ करावा. पुढच्या खोलीत आडवा झालो, डावा डोळा मिटला, उजवा फरशीला लावला, आणि दाजी, बघतो तर काय. तुमची ओळ मधोमध वाकलेली! भिंतीपासून सरळ निघायची, मधे सापासारखी वळायची आणि पुढे परत सरळ. तुमच्या कामाला मी नाव ठेवीन असं स्वप्नातही मनात आणू नका. माझ्या मनात आलं ते एवढंच की खालची जमीन खचली. एवढ्या वर्षांनी खचते. आत्ता बघितलं नाही तर घर जायचं. म्हणून छिन्नी आणली आणि एक लादी काढून बघितली. एकच. खालचा माल दगडासारखा पक्का. मला वाटलं, खचलंय ते आणखी खोल असेल.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझ्या हातात चौकटीचौकटींचा एक कागद दिला, मधे ठिपका, आणि डावा डोळा झाकून काय दिसतं ते सांगा म्हणाल्या. मी बघितलं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, हे कोणी बसवलं? मधले सांधे फाकलेत, डावीकडे पोट आलंय, दोन चौकटी तर पार खचल्यात. कोपऱ्यापासून सुरुवात केलेली दिसते, मधून करायला हवी होती. माझं ऐका, या माणसाला परत काम देऊ नका. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढं करून माझा डावा डोळा मोकळा केला आणि उजव्यावर तळवा ठेवला. आता सांगा म्हणाल्या. आता कागद दोरी लावल्यासारखा सरळ होता. दाजी, त्या कागदवाल्याबद्दल बोललेलं सगळं मी तिथंच मागं घेतलं.

त्यांनी समजावून सांगितलं. सुटलेला पडदा परत चिकटतो तेव्हा कुठंतरी बारीक सुरकुती राहते, त्यामुळे सरळ रेघ वळलेली दिसते. काही महिन्यांत पुष्कळ कमी होईल, थोडी कदाचित कायमची राहील, दोन्ही डोळे उघडे ठेवलेत की जाणवणारही नाही. डोळा गेला नाही हे विसरू नका म्हणाल्या. मी विसरलो नव्हतो. मी हॉलचा विचार करत होतो, आणि मग तुमच्या लादीचा. घरी येऊन सगळं खरं खरं सांगितलं. लेक एवढंच म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." ही म्हण ज्यानं काढली तो माझाच कोणीतरी पूर्वज असणार, आणि त्यानं अंगण खणूनही ठेवलं असणार.

आता उपाय काय, तर उजवा मिटायचा आणि डावा लावायचा. ऐकायला सोपं. इतकी वर्षं डावाच मिटला, उजवा एकटा मिटतच नाही! मिटायला गेलो की दोन्ही मिटतात, नाहीतर तोंड वाकडं होतं. रोज आरशापुढं सराव चालू आहे. परवा गाडीच्या थांब्यावर बसल्या बसल्या चुकून एकदा जमला, तर समोर एक आजी होत्या. मी वरमलो, माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच मला डोळा मारला आणि गाडीत बसून निघून गेल्या. हिला हे सांगितलेलं नाही.

असो. पत्र लांबलं. सांगायचं एवढंच की डोळा वाचला, दुखत नाही, हिचं तोंड पुरतं दिसतं, आणि काळजीचं काही कारण नाही. तुम्ही मुद्दाम येण्याची दगदग मुळीच करू नका. अक्काला सांगा, तिचा भाऊ दोन डोळ्यांचा आहे.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. वर मी एक लादी काढली असं लिहिलं आहे. ते खरंच आहे, पहिल्यांदा एकच काढली. मग शेजारची वाकडी वाटली. मग तिच्या शेजारची. बाकीच्यांना सोडून एकटीला दोष देणं बरं दिसेना. थोडक्यात, पुढच्या खोलीत सध्या फरशी नाही. पण एकही लादी फुटलेली नाही, तांबडी पट्टीसुद्धा शाबूत आहे, सगळ्या धुऊनपुसून भिंतीला टेकवून ठेवल्यात. तुमचा माल सोडवताना माझे दोन्ही हात सोलवटून निघाले, हे प्रशस्तिपत्र समजावं.

आणखी एक ता. क. दगदग करू नका असं वर म्हटलंय ते खोडलं आहे असं समजा. तुम्ही या. वाचनालयाचे व्यवस्थापक अजून थांबलेत, दुसरा मिस्त्री बघितला नाही, पण किती दिवस थांबतील? आणि मी तिकडं अजून फिरकलेलोच नाही. खरं सांगू का, भीती वाटते. ओळ धरली आणि वाकडी गेली तर हॉलभर लोक जन्मभर तिच्यावरून चालणार. तुमच्या गुडघ्यांना काही काम नाही. खुर्चीत बसायचं आणि सरळ आहे की वाकडी, एवढंच सांगायचं. तिथल्या गिलाव्यालाही नावं ठेवा, भिंती मोठ्या आहेत. आंधळ्यापांगळ्याची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगायचात. तुमचे गुडघे गेलेत, माझा डोळा बिघडलाय, दोघांत मिळून एक मिस्त्री अजून होतो. फक्त खांद्यावर बसायचा हट्ट धरू नका.

दाजी, नमस्कार. पाकिटात घालायला पत्र यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खालच्या कोऱ्या जागेत चार ओळी मी लिहिते. त्यांना दाखवलेल्या नाहीत. थांब्यावरच्या आजींचं मला माहीत आहे, त्या माझ्या मावशीच्या जावेच्या शेजारी राहतात. पुढच्या खोलीबद्दल म्हणाल तर जुनीच फरशी परत बसवा, त्यांना ती नीट बघायला हवी. हॉलमध्ये फिरकलो नाही म्हणतात ते खोटं आहे. काल सकाळी मला घेऊन गेले, दोरीचं एक टोक धरायला. उजवा डोळा मिटेना म्हणून दुसऱ्या हातानं मी तो झाकून धरला. तीन फरश्या बसवल्या. सरळ होत्या. मी बघितल्या, लेकीनं बघितल्या, व्यवस्थापकांनी वाकून बघितल्या, लेव्हलसुद्धा ठेवून झाली. यांना काही पटेना. ओल्या होत्या तोवर तिन्ही परत उचलल्या, धुतल्या आणि बाजूला ठेवल्या. म्हणाले, दाजी सरळ म्हणतील तेव्हाच त्या सरळ. मग तिथंच जमिनीवर बसून राहिले. मला ते बघवलं नाही. पत्र मिळताच तुम्ही पहिल्या गाडीनं निघा. जाड गादीची खुर्ची मी हॉलमध्ये नेऊन ठेवली आहे.